कॅमेऱ्याखालची जागा

लांज्याच्या एसटी स्टँडवर गाडी सुटायला आली तेव्हा शेवंताकाकी खिडकीशी आली आणि गजांतून हात घालून तिने माझं मनगट धरलं. निरोप द्यायला आली असेल असं वाटलं होतं. तिने हुकूमच सोडला.

"मनोहरास सांग, टीव्हीवर दिस म्हणावं. मॅच बघायला जातोस ना, तर दिस. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवताना दिस."

मनोहर तिचा थोरला. शारजाला बांधकामावर जाऊन त्याला पाच वर्षं झाली होती आणि त्यात तो एकदाही घरी आला नव्हता. फोटो यायचे. कुठे कारंज्यापुढे उभा, कुठे दुसऱ्याच्या गाडीला टेकून. त्या वर्षी पलीकडच्या वाडीतला एक जण सुट्टीवर आला आणि बाजारात बोलून गेला, की मनोहरचा हात मशीनमध्ये गेला. काकीने त्याला गाठून विचारलं तर म्हणाला, ऐकीव गोष्ट आहे, मी काही पाहिलं नाही.

"अगं, फोटो मागव," मी म्हटलं.

"फोटोत सगळेच बरे दिसतात. मला हलताना बघायचाय."

गाडी हलली. मी चोवीस वर्षांचा, आमच्या तालुक्यात काजूच्या कारखान्यातल्या बायांसाठी पत्रकं लिहायचो, छापायचो आणि फाटकाशी उभं राहून वाटायचो. परदेश म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. शारजाला राहणाऱ्या माझ्या ताईने व्हिजिट व्हिसा काढला होता, महिनाभर ये म्हणून. जाताना पिशवीत तिच्यासाठी कोकमं होती, कुळथाचं पीठ होतं, आणि तळाशी परदेशी गेलेल्या कामगारांच्या हक्कांवर मीच लिहिलेली पत्रकं होती. कोणाला तरी उपयोगी पडतील असं मनात होतं.

शारजाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडावं तशी हवा तोंडावर आली. भावजी घ्यायला आले होते. ते एका जहाज कंपनीत अकाउंट्सला. घरी पोचेपर्यंत हसतखेळत बोलले. घरी पोचल्यावर कोकमं काढता काढता पत्रकं निघाली, तेव्हा मात्र त्यांनी ती उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि तव्याखालच्या फळीत वर्तमानपत्रांच्या खाली सारली.

"हे बघ, आला आहेस तर फीर, खा, मॅच बघ. हे इथं चालत नाही. तुला परत पाठवतील. आणि माझा व्हिसा कॅन्सल झाला तर हिची शाळा खलास (संपली)." हिची म्हणजे माझी भाची ईशा, नऊ वर्षांची. ती सोफ्यावरून म्हणाली, "मामा, यू टॉक लाइक अ न्यूजपेपर."

मी उरलेली कोकमं काढून ठेवली. राग आला होता तो भावजींचा नव्हता. आपल्या घरात, आपल्याच भाषेत लिहिलेला कागद तव्याखाली लपवावा लागतो, त्याचा होता.

ताईचं घर रोल्लात. रोल्ला म्हणजे शारजाचा जुना बाजार. खिडकीखाली शिंप्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, बकाला (वाण्याचं दुकान), त्यात केरळची केळी आणि आपली पारले बिस्किटं. आठवडाभर हा बाजार कुटुंबांचा असतो. शुक्रवारी दुपारनंतर मात्र चौकात माणसंच माणसं, सगळे पुरुष, सगळे धुतलेल्या शर्टातले. दूरच्या लेबर कॅम्पांमधून बसने येतात. काही विकत घ्यायला येत नाहीत. गाववाले भेटावेत म्हणून उभे राहतात. चौकाचा हा कोपरा मलबारींचा, तो पेशावरवाल्यांचा, आणि बँकेच्या पायऱ्यांशी आपले रत्नागिरीवाले. मनोहर तिथेच भेटला.

त्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. त्याने उजवा हात पुढे केला. डावा खिशात होता.

"आवस (आई) कशी हाय?"

"बरी आहे. डावा हात दाखव."

मला आडवळणाने बोलता येत नाही. त्यानेही नंतर टाळलं नाही. हात खिशातून काढला. बाही मनगटापाशी दुमडून पिनेने बंद केली होती. मनगटाच्या पुढे काही नव्हतं.

"सळया कापायचं मशीन," तो म्हणाला. "दीड वर्ष झालं. चल, जेवूया. पराठा चांगला मिळतो इथं."

मलबारी हॉटेलात आम्ही समोरासमोर बसलो. पराठा आणि सुरमईची आमटी आली. तो पराठा कसा तोडतो ते बघायचं नाही असं ठरवूनही मी बघत राहिलो. पाण्याचा भरलेला स्टीलचा ग्लास त्याने पराठ्याच्या कडेवर ठेवला आणि उजव्या हाताने दुसरी कड ओढली. नीट तुकडा निघाला. सवयीचं काम होतं.

जेवता जेवता कळलं ते असं. कंपनीने इस्पितळाचं बिल भरलं, भरपाईचा विषय काढला नाही, आणि त्याला सामानाच्या यार्डात राखणदार म्हणून बसवलं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. सुट्टी मागितली की अर्बाब (मालक) म्हणतो, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. मी कुठली कंपनी, कोण मॅनेजर, तक्रार केलीस का, असं एकामागून एक विचारायला लागलो. त्याने आमटीत तुकडा बुडवला.

"तू लिहिशील. छान लिहिशील. मग मला विमानात बसवतील आणि मी आवशीसमोर हा असा उभा राहीन. माझी तयारी नाय अजून."

"तिला सांगायला तर पाहिजे."

"तू सांगायचं नाहीस. शपथ घे. माझा हात, मी सांगणार."

मी शपथ घेतली. मग काकीचा निरोप दिला, शब्दाला शब्द. दोन्ही हातांनी टाळ्या हे शब्द आले तसं त्याचं चावणं थांबलं. घास गिळून म्हणाला, "तिला कळव, पुढच्या शुक्रवारच्या मॅचला मनोहर दिसेल. तिकिटं काढूया."

मला कळेना हा करणार काय. पण मनाशी मी म्हटलं, गर्दीत, लांबून, हात हलवला तर कोणाला काय समजतंय. काकीला मुलगा दिसेल, बस. त्याच रात्री गावात मास्तरांच्या घरी फोन केला. गावात रंगीत टीव्ही त्यांच्याकडेच होता.

तिकीट काढायला बुधवारी संध्याकाळी गेलो. हे शारजाचं स्टेडियम आमच्या गावातल्या पोरांना स्वतःच्या शाळेच्या पटांगणापेक्षा जास्त माहीत. वर्षानुवर्षं टीव्हीवर बघितलेलं. प्रत्यक्षात बाहेरून ते लहान वाटलं. धुळीच्या रंगाच्या भिंती, वर दिव्यांचे खांब, आणि भोवती गाड्या. तिकिटाच्या खिडकीपुढे रांग लांबलचक, आणि रांगेत तेच शुक्रवारच्या चौकातले चेहरे.

खिडकीशेजारी पुठ्ठ्यावर मैदानाचा नकाशा चिकटवला होता. छपराखालच्या जागा, खुर्च्यांच्या जागा, फॅमिलीच्या जागा, आणि मग उन्हातल्या सिमेंटच्या पायऱ्या. भावजींनी ऑफिसातून छपराखालची तीन तिकिटं आधीच मिळवली होती आणि चौथं माझ्यासाठी काढतो म्हणाले होते. मी नको म्हटलं. ज्यांनी हे शहर उन्हात उभं राहून बांधलं त्यांनी मॅचही उन्हात बसून बघायची, आणि सावली पगार बघून वाटायची. नकाशा बघताना हेच डोक्यात होतं, आणि मी ते मनोहरला बोलूनही दाखवलं.

"सावलीत बसलास तर माझ्याबरोबर नाय बसता येणार, एवढंच," तो म्हणाला. "उगाच भाषण नको करू, रांगेत लोक आहेत."

पुढचा एक जण वळून हसला.

खिडकीतल्या मलबारी माणसाने विचारलं, "किधर का?"

मी नकाशाकडे बघायच्या आत मनोहरने बोट ठेवलं. साइटस्क्रीनच्या वर कॅमेऱ्यासाठी उंच मचाण बांधलेलं असतं, त्याच्या अगदी खालची, कोपऱ्यातली पायऱ्यांची जागा. "ये वाला. दो."

"उधर धूप है, और पोल भी आता है सामने."

"मालूम है. वही दो."

वीस दिरहमचं तिकीट. "म्हणजे दोनशे रुपये," मी म्हटलं. "इथं दिरहमचे रुपये करायचे नसतात, वेडा होशील," तो म्हणाला आणि दोन्ही तिकिटं त्यानेच घेतली.

मी खूश होतो. कॅमेऱ्याच्या इतकं जवळ. कॅमेऱ्याला चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येणार नाही अशी जागा. गावाकडे टीव्ही बघणाऱ्या कुणालाही हेच वाटलं असतं.

गुरुवारी भावजींनी अल ऐनला नेलं. दीड तासाचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना लाल वाळू, मध्येच कुंपणापलीकडे उंट. मग एकाएकी हिरवळ आणि खजुरीच्या बागा, आणि बागांतून जुने पाण्याचे पाट. ताईने डब्यात आणलेली थालीपीठं आम्ही खजुरीच्या सावलीत खाल्ली. सुंदर जागा आहे, कोणीही सुंदरच म्हणेल. एक माणूस झाडावर चढून घड बांधत होता, कमरेला दोर, दोन्ही हात मोकळे. बाकीचा दिवस मी येणाऱ्याजाणाऱ्याचे हातच बघत होतो. ईशाने विचारलं, "मामा, आर यू सॅड?" मी म्हटलं, ऊन लागलं.

परतल्यावर ताईच्या स्वयंपाकघरात फरशीवर दोन चार्टपेपर जोडून मी फलक रंगवला. अक्षरांचा सराव होताच. *शेवंताकाकी, मनोहर इथे आहे.* अशा मॅचला आखातातले लोक गावांची नावं लिहून आणतात, ती टीव्हीवर येतात आणि तिकडे गावात आठवडाभर चर्चा होते. भावजींनी फलक दोनदा वाचला, त्यात दुसरं काही लिहिलेलं नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "चांगला झालाय. हा ने."

शुक्रवारी दुपारी आम्ही आत शिरलो. सिमेंट तापलेलं, खाली वर्तमानपत्र घालून बसावं लागलं. समोर मैदान मात्र इतकं हिरवं, की चारही बाजूंच्या त्या मातकट शहरात ते कोणीतरी उचलून आणून ठेवलंय असं वाटावं. पलीकडे छपराखाली ताई, भावजी, ईशा कुठेतरी असणार. ढोल वाजत होते. आमच्या डोक्यावर मचाण, त्यावर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे टोपीवाला माणूस.

फलक उलगडला. एक टोक मी धरलं, एक मनोहरने उजव्या हाताने धरलं. पहिली पाच-सहा षटकं आम्ही तो उंच धरून उभे होतो. मागचे ओरडले, बैठो भाई, तरी उभे.

शेवटी शेजारचा पठाण, पांढऱ्या दाढीचा, टॅक्सी चालवणारा, त्याने माझी बाही ओढली. "बेटा, ये किसको दिखा रहे हो?"

"टीव्ही. घर पे माँ देख रही है इसकी."

त्याने वर बोट केलं, मग समोर. "ये कैमरा उधर देखता है. अपने पैरों में थोड़ी देखेगा. दूसरे भी सब उधर घूमते हैं, झंडेवालों की तरफ. यहाँ बैठा आदमी टीवी में कभी नहीं आता. सामने जाना था."

मी मनोहरकडे वळलो. "चल, उठ. समोर जाऊ."

"तिकीट इकडचं हाय. तिकडं सोडत नाय."

"विचारू तरी. भावजींना गाठू. अरे, ती तिकडे बसली असेल टीव्हीपुढे."

तो उठला नाही. फलकाचं त्याच्याकडचं टोक त्याने हळूच खाली सोडलं. "मला ठाऊक होतं."

ढोलांच्या आवाजात मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"आमच्या खोलीतला अनीस मागल्या वर्षी इथंच बसून दिवसभर हात हलवत होता. आम्ही सगळे कॅम्पात टीव्हीपुढे. शोध शोध शोधला. नखभर दिसला नाय." तो मैदानाकडेच बघत बोलत होता. "दिसलो असतो तर तिने हातच बघितले असते. तोंड बघितलं नसतं. तू तिला सांग, आम्ही गेलो होतो, गर्दी होती. मग ती म्हणेल, गर्दीत हुकला. हुकलेला पोर बरा."

पत्रकात मी असल्या वेळी तीन ओळी लिहिल्या असत्या, ठसठशीत, खाली उद्गारचिन्ह. तिथे मी फलकाची घडी केली आणि तिच्यावर बसलो. चटका जरा कमी झाला.

मॅच चांगली झाली म्हणतात. मला आठवतं ते एवढंच, की आपल्या फलंदाजाने पहिला षटकार मारला तेव्हा सगळा कोपरा उठला, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मनोहरचा उजवा हात हवेत अडला. मग त्याने तो माझ्यापुढे केला. "टाळी दे." मी दिली. पुढच्या चौकाराला परत. संध्याकाळी दिवे लागले, आपण जिंकलो, आणि तोवर माझा डावा तळवा लाल झाला होता. तो मनापासून ओरडत होता, हे खोटं नाही. दिवसभर तो मजेत होता.

बाहेर पडताना बसच्या रांगेत तो म्हणाला, "फलक दे मला. खोलीत लावतो." दिला. बसच्या खिडकीतून त्याने उजवा हात दाखवला आणि बस कॅम्पाच्या दिशेने गेली.

उरलेले दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. परतीच्या विमानात मी एक पत्रक लिहिलं. कंपन्यांच्या कपाटांतले पासपोर्ट, सळया कापायची मशीनं, इन्शाल्ला म्हणणारे मालक, सगळं त्यात आहे. पुढे ते छापलं आणि वाटलं. मनोहरचं नाव त्यात नाही. लोकांनी घडी करून खिशात घातलं.

गावात एसटीतून उतरलो तर पोरांनी घेरलं. "मनोहरदादा दिसला आम्हांला. मस्त नाचत होता. दोन्ही हात वर." मास्तरही म्हणाले, दिसला, झेंड्याशेजारी होता. कोणाचा हेतू वाईट नव्हता. म्हातारी दुपारपासून टीव्हीपुढे बसली होती, कोणीतरी एक "तो बघा" म्हणालं, मग सगळ्यांनाच तो दिसायला लागला.

शेवंताकाकी पडवीत तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"सगळ्यांस दिसला," ती म्हणाली. "मलाच दिसला नाय. मास्तरांची बायको दाखवते, तो काय, तो काय. मी बघते तर परकाच कोणतरी. पोटचा पोर ओळखता येत नाय म्हणजे माझे डोळे गेले. लांज्याच्या डॉक्टरकडे नेशील मला?"

मी शपथ घेतली होती ती हाताबद्दल. डोळ्यांबद्दल नाही. आणि एक आई चांगल्या डोळ्यांनिशी स्वतःला आंधळी समजत बसलीय, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"काकी, डोळे ठीक आहेत तुझे. कोणालाच दिसला नाही तो. आम्ही कॅमेऱ्याच्या खाली बसलो होतो. तिथलं टीव्हीवर येत नाही."

"तुम्हांस ठाऊक नव्हतं?"

"मला नव्हतं."

सुपातले तांदूळ एकदा वर उडाले आणि खाली आले. तिने एक खडा काढून अंगणात टाकला.

"त्याला होतं," ती म्हणाली.

तिला माझ्या उत्तराची गरज नव्हती. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मग मान वर न करता विचारलं, "कुठला हात?"

"डावा."

"म्हणजे आपल्या हाताने जेवतो."

"हो. नीट जेवतो. मी बघितलंय."

"बरं." तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं, मग डोळे. "त्याला फोन कर. म्हणावं, आवशीस दिसलास. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होतास."

शुक्रवारी तो ताईकडे येणार होता. मी बाजारातल्या बूथवरून फोन लावला आणि निरोप सांगितला, शब्दाला शब्द. त्या कोपऱ्यातला माणूस कोणालाही दिसत नाही हे मनोहरइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आईने काय कळवलंय ते त्याला कळायला वेळ लागला नाही.

"रडली?" त्याने विचारलं.

"थोडी. तू जेवतोस का ते विचारलं."

मीटर पळत होता. मग तो म्हणाला, "पासपोर्ट मिळाला की येतो म्हणून सांग तिला."

मी सांगितलं. हे लिहितो आहे तोवर पासपोर्ट मिळालेला नाही.